बाजाराच्या दिवशी बाबा गप्प

१९९९ साली काष्टीत देव संगणकातून बोलू लागला. गहिनीनाथच्या इंटरनेटच्या दुकानाबाहेर चपलांचा ढीग, आत पडद्यापुढे नारळ, माऊसला हळदकुंकू! एका मराठी ई-मेल गटावर आरोग्याची चर्चा चाले, तिथं कुणी 'महासिद्ध' अवतरला होता. गहिनीनाथ त्याची पत्रं खड्या आवाजात वाचून दाखवी : "वत्सांनो, गोळ्या म्हणजे विष! नामस्मरण हेच औषध!" पाठोपाठ अमेरिका, दुबई, नागपूर आणि सुरतेच्या चार भक्तांचा जयजयकार.

मी, प्रज्ञा, इथली शाळामास्तरीण. श्रीगोंद्याला भावाच्या संगणकावर मीही तो गट वाचायची. पूर्वी डॉक्टर तिथं लोकांच्या शंका फेडत. आता कुणी तोंड उघडलं की चारही भक्त आयाबहिणींवरून शिव्या देत तुटून पडत. डॉक्टर निघून गेले, विचारणारे गप्प झाले. ओसाड गावी एरंड बळी!

माझ्या शेजारच्या मालनबाईंनी महासिद्धाचं ऐकून आपल्या मुलीच्या, पूजाच्या, फिटच्या गोळ्या बंद केल्या. आठवड्यात पोर चुलीपाशी कोसळली, कपाळाला खोक पडली. माझं डोकंच फिरलं. तीन महिन्यांची पत्रं छापून मी मालनबाईंना घेऊन दुकानात गेले.

"तारखा बघा. हे पाच जण रोज लिहितात. आठवड्यातला एकच दिवस पाचही गप्प. वार कोणता?"

मालनबाईंनी कॅलेंडरवर बोट फिरवलं. "ह्यो तर आपल्या बाजाराचा वार हाय!"

"त्या दिवशी गहिनीनाथ कुठं असतो?"

"बाजारात. शेळ्या इकतोय की."

"मग अमेरिकेतला भक्तही शेळ्या विकायला काष्टीला येतो का?"

दुकानातल्या गर्दीत हशा पिकला. गहिनीनाथला खुर्चीवरून उठवून मी 'महाज्ञानी' नावाचा नवा ई-मेल पत्ता पाच मिनिटांत उघडून दाखवला. "झाला बाबा! असे पाच काढले, की गुरू आणि भक्त एकाच खुर्चीत."

"पन मी एक पैसा घेतला न्हाई, बाई," तो कुरकुरला. "लोकं भांडत्यात, घाबरत्यात. बघायला लई मजा येती."

मजा! भोंदू निदान पोटासाठी लबाडी करतो. हा त्याहून हलका.

"माझी पोर पडली, तवा बी मजा आली का रं?" मालनबाईंनी विचारलं.

पाच तोंडांनी बोलणारा खाली वाकून माऊसवरचं हळदकुंकू पुसू लागला.

पूजाच्या गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या. वाचकहो, पडद्यावर पाच नावं दिसली म्हणून पाच माणसं मानू नका. कोण बोलतंय, कशाच्या आधारावर, एवढं विचारा. आणि विचारणाऱ्याला एकटं सोडू नका. डॉक्टरांना शिव्या पडत होत्या तेव्हा मीही भिऊन गप्प बसले होते. पूजाच्या कपाळावरचा व्रण रोज वर्गात माझ्यासमोर असतो.