पनवेलमध्ये उणे चाळीस

मे महिन्यातला शनिवार. खांदा कॉलनीत माणसं सावली धरून चालत होती, आणि आमच्या गाडीतला स्क्रीन बाहेरचं तापमान उणे चाळीस असल्याचं सांगत होता. एसीतून भट्टीसारखी हवा येत होती. दुसऱ्या दिवशी उरणला माझी बायको इरा हिच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता आणि इराच्याच आशालता मावशीला घेऊन आम्ही याच गाडीने जाणार होतो.

"गॅरेजवाला सोमवारीच बघेन म्हणतोय. आपण टॅक्सी करू या," इरा म्हणाली.

"त्यात काय, मी बघतो," मी म्हणालो.

हे वाक्य मी लग्नानंतर मिक्सर, गिझर आणि कुकरच्या झाकणाबद्दलही बोललो आहे. त्यांतलं काहीच आज आमच्या घरात नाही. मी विमा कंपनीत पत्रांना उत्तरं लिहितो. इरा ब्लाउज इस्त्री करायला निघून गेली.

इंटरनेटवर दोन-चार व्हिडिओ पाहिल्यावर मला रोग कळला. बंपरच्या मागे बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर असतो. बाहेर किती गरम आहे ते तो गाडीला सांगतो. तो गप्प झाला की गाडीला वाटतं बाहेर बर्फ पडतोय, आणि अशा थंडीत एसी कशाला म्हणून ती कॉम्प्रेसर चालूच करत नाही. म्हणजे सेन्सर खराब. बाजारातून मी एक मल्टिमीटर घेऊन आलो. तो हातात धरल्यावर माझी चालसुद्धा बदलली.

खाली पार्किंगमध्ये जाळीतून हात घालून सेन्सर शोधत होतो, तेवढ्यात बाळूशेठ येऊन उभे राहिले. आमची बिल्डिंग त्यांच्या शेतावर उभी आहे, त्यामुळे पार्किंगमध्ये काय चाललंय हे विचारायचा हक्क ते सोडत नाहीत.

"काय करताव, गुरुदत्त?"

"सेन्सर काढतोय. एसीचा."

"गॅस संपला आसंल. आमच्या गाडीचा पन तसाच झालता."

"गॅसचा प्रश्न नाही, शेठ. तापमान चुकीचं दाखवतंय."

"मंग गॅसच हाय," ते म्हणाले आणि खुर्ची आणून बसले.

हात पोचेना म्हणून मी वाटेतली एक-दोन कनेक्शनं सोडवली, कोपर सोलून घेतलं आणि अखेर सेन्सर बाहेर काढला. स्वयंपाकघरात एका वाटीत बर्फाचं पाणी घेतलं, दुसरीत गरम. सेन्सर चांगला असेल तर थंड पाण्यात मीटरवरचा आकडा चढायला हवा आणि गरम पाण्यात उतरायला. माझ्या मीटरवर दोन्हीकडे शून्य.

"मेलाय," मी डॉक्टरच्या गांभीर्याने जाहीर केलं. बाळूशेठना खिडकीतून ओरडून सांगितलं. ऑफिसच्या ग्रुपवर वाटीचा फोटोही टाकला.

इरा फ्रीज उघडायला आली होती. तिने मीटरकडे वाकून पाहिलं. "ते बटण व्होल्टवर आहे ना? तू ओहम मोजतोयस असं म्हणाला होतास."

मी बटण फिरवलं. बर्फाच्या पाण्यात आकडा भराभर चढला. गरम पाण्यात उतरला. सेन्सर ठणठणीत होता. ग्रुपवर तोपर्यंत सात जणांनी श्रद्धांजली वाहिली होती.

इरा हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

परत खाली गेलो. सेन्सर चांगला म्हणजे दोष वायरीत असणार, एवढं आता मलाही कळत होतं. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर ज्या प्लगमध्ये सेन्सर बसतो, त्याची एक पिन हिरवी पडली होती. दमट हवेत तांब्याचं होतं तसं. पॉलिश पेपरच्या तुकड्याने मी ती हलक्या हाताने घासली, सेन्सर जोडला, गाडी चालू केली. स्क्रीन थोडा वेळ विचारात पडला आणि मग त्याने अडतीस दाखवले. पाठोपाठ कॉम्प्रेसरचा खट्ट आवाज आला आणि तोंडावर गार वारा.

"गॅस भरला काय?" बाळूशेठनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. माझ्यात वाद घालायची ताकद उरली नव्हती.

रविवारी मावशी पैठणी नेसून, अंबाड्यावर गजरा माळून मागे बसल्या. "जावईबापू, काय गार केलीय हो गाडी," त्या म्हणाल्या. इराने माझ्या खांद्यावरचा धागा काढला. गव्हाण फाट्यापर्यंत मी सुखी माणूस होतो.

फाट्याच्या पुढे एक कंटेनरचा ट्रेलर आमच्या अंगावर सरकू लागला. मी हॉर्न दाबला. काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबला. तेव्हा मला सोडवलेलं ते कनेक्शन आठवलं.

"हॉर्न?" इराने विचारलं.

"काल हात पोचत नव्हता म्हणून..."

तिने आपल्या बाजूची काच खाली केली. मीही केली. मग उरणपर्यंत ट्रेलर दिसला की आम्ही दोघं बाहेर तोंड काढून "ओ दादा" म्हणून हाका मारत गेलो. मागून मावशीही सामील झाल्या, आणि त्यांचा आवाज आम्हा दोघांपेक्षा खणखणीत निघाला. एसी इमानदारीत चालू होता, पण गार वारा उरणचा रस्ता थंड करत होता. हॉलवर पोचलो तेव्हा माझा झब्बा पाठीला चिकटला होता आणि मावशींचा गजरा वाटेत कुठेतरी राहिला होता.

"एसी बंद पडला का?" मामांनी विचारलं.

"छे, अगदी छान चालतोय," इरा म्हणाली. "यांनीच दुरुस्त केला."

तिच्या आवाजात थट्टा होती का कौतुक, हे मला जेवण होईपर्यंत ठरवता आलं नाही. जेवणानंतर मी बॉनेट उघडून कनेक्शन जोडलं. डोकं आतच होतं, तेव्हा इराने तपासणीसाठी हॉर्न दाबला. मग तिने आणखी एकदा दाबला, आणि या वेळी ती मोकळेपणाने हसत होती.

परतीच्या वाटेवर काचा बंद होत्या. मावशी मागे झोपल्या, इराही डुलक्या घेऊ लागली. मला चांगलीच थंडी वाजत होती, पण एसी कमी करायला काही माझा हात धजला नाही.