ग्वॉलभर पीट

बॉस्टनहून आलेला पाहुणा स्वतःला फेस्टीचा मुलगा म्हणवत होता, पण सॅबिनाबाईंचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. तिकडे भाऊ फेस्टी वारून दोन महिने झाले नाहीत, तोच हा जमिनीवर डोळा ठेवून उगवला असणार. नाक फेस्टीचं होतं खरं, पण तसली नाकं गावात पन्नास सापडतील.

"आत्या, काही मदत करू?"

"आत्या नंतर म्हण. आधी चुलीसाठी अंगणातून ग्वॉलभर पीट आण."

ग्वॉल हा जुना आयरिश शब्द परक्याला कळणं शक्यच नव्हतं. आता हा बादली शोधेल नाहीतर टोपली, म्हणून त्या खिडकीआड उभ्या राहिल्या. त्यानं दोन्ही हात पसरले आणि पीटच्या, दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, सुक्या विटा कवेत मावतील तेवढ्या, थेट हनुवटीपर्यंत रचून आणल्या.

"कुठं शिकलास? बॉस्टनला कुठलं आलंय पीट?"

"बाबा धुतलेले कपडे असेच आणायचे. म्हणायचे, ग्वॉलभर आणलेत, चल, घड्या घालू."

"फेस्टी? आणि कपडे?" सॅबिनाबाई कडाडल्या. "इथं होता तोवर मेल्यानं स्वतःचा मोजा उचलला नाही! माझ्या हातांचे तुकडे पडायचे!"

आणि त्यांनी फडताळातून दुसरा कप काढून टेबलावर आदळला.