हसऱ्या चेहऱ्यावर ठेवलेले बोट

मित्रांनो, इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत, हात धुण्याच्या बेसिनशेजारी टांगलेला जुना तक्ता तो मीच. माझ्या अंगावर सहा गोल चेहरे आहेत. पहिला हसरा, त्याखाली शून्य; शेवटचा ढसाढसा रडणारा, त्याखाली दहा. किती दुखते हे लहान मुलाला शब्दांत सांगणे अवघड जाते. म्हणून त्याने माझ्यावर बोट ठेवायचे, एवढेच माझे काम.

छापखान्यातून आलो तेव्हा माझे रंग तजेलदार होते. पण पहिली काही वर्षे मला कोणी विचारलेच नाही. तेव्हा इथली रीत सरळ होती. दोघांनी मूल घट्ट धरायचे, एकाने हात ओढायचा, की हाड जागेवर. "झालं, झालं, एवढंसं तर होतं," असे मोठी माणसे म्हणत. माझ्यावर तर कोणीतरी ड्यूटीचा कागदच चिकटवून टाकला होता.

मग नव्या सिस्टर आल्या. त्यांनी तो कागद सोलून काढला आणि नियम केला: आधी मुलाला विचारायचे, आकडा लिहायचा आणि त्याप्रमाणे औषध द्यायचे. माझे कौतुक होऊ लागले. मीही फुगलो. माझ्यावर ठेवलेले बोट खोटे असू शकते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

एका दुपारी सात वर्षांची मुलगी आली. घसरगुंडीवरून पडली होती. मनगटाच्या वर हात वाकडा झाला होता. डॉक्टरांनी मला काढून तिच्यासमोर धरले. तिने क्षणभरही विचार न करता हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवले.

"आमची छकुली भारी सोशिक आहे हो," तिचे बाबा कौतुकाने म्हणाले.

"शून्य? वाघीण आहे की!" डॉक्टर म्हणाले. "मग औषधात वेळ कशाला घालवायचा? दोन मिनिटांत ओढून बसवतो. बाहेर पाच जण ताटकळलेत."

सिस्टर मुलीच्या पायांकडे बघत होत्या. पायांची बोटे आत वळून पांढरी पडली होती.

"छकुले, शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं असतंस, तर काय झालं असतं गं?"

"सुई," ती पुटपुटली. "दादा म्हणाला, जास्त दुखतं म्हटलं की मोठी सुई देतात."

बाबांनी मान खाली घातली. मला माझीच लाज वाटली.

"त्या दादाला एकदा माझ्याकडे पाठव, बघते त्याच्याकडे," सिस्टर म्हणाल्या. "आता नीट ऐक. आधी नाकात फवारा, त्याला सुई नाही. दुखणं उतरलं की हातावर बधिर करणारं मलम. मग एक छोटी सुई लागेल, खोटं सांगणार नाही. तिच्यातून झोपेचं औषध. हाड बसवताना तू झोपलेली असशील."

"नक्की?"

"नक्की. आता खरं सांग."

बोट घसरत घसरत शेवटच्या चेहऱ्यावर गेले आणि मुलगी पहिल्यांदाच रडली.

"थांबतील पाच जण," म्हणत डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

मलम मुरायला पाऊण तास गेला. ती झोपल्यावर तिच्या बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावून दुसऱ्या डॉक्टर फक्त तिच्या श्वासावर नजर ठेवून बसल्या. हाड बसले, प्लास्टर चढले. डोळे उघडल्यावर तिने जड जिभेने विचारले, "कधी ओढणार?"

बाबांना हसावे की रडावे कळेना.

डॉक्टरांनी खिशातले पेन काढले आणि चेहऱ्यांच्या खाली, माझ्या कोऱ्या कडेवर लिहिले: 'आकडा विचारण्याआधी विचारा, भीती कशाची वाटते?'

मित्रांनो, दुखते म्हणणे हा रडकेपणा नाही. तुम्ही खरे सांगाल तरच माझा उपयोग. आणि मोठ्यांना एक विनंती आहे. मला रोज स्पिरिटने पुसतात, त्यामुळे शाई उडते. माझे चेहरे फिके पडले तरी चालतील. ती ओळ तेवढी गिरवत राहा.