मागून पाह्य वं

काटोलच्या स्टँडवर अर्धी गाडी रिकामी झाली, नवे प्रवासी खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवू लागले, तरी कंडक्टर प्रेमिला रामटेके आपल्या सीटवरून उठेना.

“ताई, एंट्री कराले जा ना. टाइम होऊन राहिला,” ड्रायव्हर रविंद्रनं मागे वळून हाक मारली.

दर मोठ्या स्टँडवर कंडक्टरनं उतरायचं आणि गाडीची वेळ नोंदवून यायचं, हा एसटीचा शिरस्ता. बावीस वर्षांच्या नोकरीत प्रेमिलानं तो कधी चुकवला नव्हता. पण आज आपण उठलो तर ही सीट सगळ्या गाडीला काय ते सांगून टाकेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नागपुरातून निघताना तिनं दोन पॅड एकावर एक लावले होते, वर जुन्या सुती लुगड्याची घडी. तेवढं कळमेश्वरपर्यंत पुरलं होतं.

“आज तूच जा गा. माह्या पायात गोळा आला,” ती म्हणाली.

रविंद्रनं तिच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं आणि कागद उचलला. ड्रायव्हरनं कंडक्टरचं काम करणं म्हणजे सासरवाडीत जावयानं भांडी घासणं. पण तो एंट्री करून आला.

नरखेडला शेवटचा माणूस उतरल्यावर ती दांडा धरून उठली. दोन पावलं टाकली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आली तेव्हा ती दवाखान्यात होती. कोणीतरी आकडा सांगत होतं. हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ.

गेली दोन वर्षं तिचं हे असंच चाललं होतं. महिन्यातले दहा-बारा दिवस अंगावरून जायचं, मूठभर गाठी पडायच्या. रात्री ती रबरी कापड टाकून झोपायची आणि दिवसा ड्यूटी करायची. नागपुरात हुडकेश्वरच्या त्यांच्या दोन खोल्यांत एक वाक्य रोज सकाळी ऐकू यायचं. ती दारात पाठमोरी उभी राहायची आणि लेकीला म्हणायची, “भावना, मागून पाह्य वं.” भावना चहाचा कप खाली ठेवून बघायची. “काही नाही, आई. जा.” मग कुठे तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा.

नवरा संघपाल तिथेच बसून पेपर वाचायचा. सक्करदऱ्याला त्याचं लहानसं दुकान होतं. कूलरच्या आणि पंपांच्या जळालेल्या मोटारींना तो नवी तार गुंडाळून द्यायचा. बोलण्याच्या बाबतीत तर मोटार बरी, ती निदान घरघर तरी करते. हे वाक्य कानावर पडलं की तो पेपर आणखी उंच धरायचा. त्याला कळत नाही, असं प्रेमिला धरून चालली होती.

कपाटात तिची पांढरी साडी घडी न मोडता पडून होती. विहारात बाईच्या पाळीची आडकाठी कोणी करत नव्हतं. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच तो विटाळ घराबाहेर गेला होता. पण वंदनेला पांढरं नेसायचं असतं, आणि पांढऱ्यावर डाग लगेच दिसतो. “रविवारी ड्यूटी हाय,” असं सांगून ती दोन वर्षं वंदना चुकवत आली होती. आता मे महिन्यात भावनाचं लग्न ठरलं होतं. त्या दिवशी तर नवरीपासून विहिणीपर्यंत सगळी घरची माणसं पांढऱ्यात असणार.

पण साडीच्या मागे आणखी एक भीती होती, आणि ती फार जुनी होती. प्रेमिलाची माय रुख्मिणी नरखेडकडच्या एका खेड्यात संत्र्याच्या बागांत कामाला जायची. चौथ्या बाळंतपणानंतर तिनं एका शिबिरात मूल राहू नये म्हणून तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घेतली. त्यानंतर तिच्या अंगावरून जायला लागलं ते थांबलंच नाही. लाजेपोटी तिनं कोणाला सांगितलं नाही, परत दाखवायलाही गेली नाही. वर्षभर ती सुकत गेली, आणि प्रेमिलाच्या लग्नाला दोन महिने राहिले असताना एका दुपारी बागेतच संपली. लग्नात प्रेमिलाच्या मागे आई म्हणून मावशी उभी होती. “तांबीनं मारलं,” एवढंच घरातले बोलायचे. आता आपणही लेकीच्या लग्नाआधी तसंच जाणार, हा विचार तिला बसमध्ये, स्वयंपाक करताना, कुठेही गाठायचा.

दवाखान्यात तिला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासणीला पाठवला. ते आठ दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. रिपोर्ट घ्यायला संघपाल सोबत आला, पण आत आला नाही. बायकांच्या दवाखान्यात पुरुषांची जागा बाहेरच्या कडुलिंबाखाली, अशी त्याची समजूत होती.

“कॅन्सर नाही,” डॉक्टर अदिती म्हणाल्या. वयानं त्या भावनाएवढ्याच दिसत होत्या. “अस्तर फार जाड होतंय, म्हणून एवढं जातं. गोळ्या तुम्ही घेऊन पाहिल्यात, सोडल्या की पुन्हा सुरू होतं. पिशवी काढता येते, पण तुमच्या अंगात आज तेवढं रक्त नाही. मला वाटतं, आपण आत हार्मोनचं साधन बसवू. सोपं सांगायचं तर तांबीच असते ती...”

त्यापुढे प्रेमिलाला काही ऐकू आलं नाही. डॉक्टरांचे ओठ हलत होते आणि तिला मायचा वाळलेला हात दिसत होता.

“मले नोको,” ती उठली. जाण्याआधी तिनं वळून खुर्ची पाहिली आणि बाहेर आली.

“काय म्हने?” संघपालनं विचारलं.

“तांबी म्हन्ते. मी नाई बसवत. मेली तं मेली, पन मायसारखी तांबीनं नाई मरायची.”

एवढं म्हणून ती कडुलिंबाच्या पारावर बसून हमसाहमशी रडू लागली. संघपालनं दवाखान्याच्या पायरीशी चपला काढल्या आणि तो आत गेला. प्रेमिला इतकी चकित झाली की डोळे पुसत त्याच्या मागोमाग गेली.

“मॅडम, मी मोटारीचं काम करतो,” तो दारातच उभा राहून बोलला. “मले एकच सांगा. त्याच्यात तांबं किती राह्यते?”

डॉक्टर गोंधळल्या. “तांबं? यात अजिबात नाही. प्लास्टिक असतं, आणि थोडं औषध.”

“तांबं नाई तं तांबी काहून म्हन्ता?”

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. “चुकलं माझं. पेशंटला कळावं म्हणून म्हणते. तांब्याची असते ती वेगळी, तिच्यानं रक्त जास्त जाऊ शकतं. हिच्यानं अस्तर पातळ होतं आणि जाणं कमी होतं.”

“हिच्या मायले तांब्याची होती,” संघपाल म्हणाला.

डॉक्टरांनी प्रेमिलाला पुन्हा बसवलं आणि या वेळी काही लपवलं नाही. पहिले तीन ते सहा महिने थोडं थोडं डाग पडत राहतील, कधी पडतील ते सांगता येणार नाही. डोकं दुखेल, छाती जड होईल. क्वचित साधन निसटतं. पुढे कदाचित पाळीच बंद होईल.

“बंद झाली तं रगत आत साचन ना?” प्रेमिलानं विचारलं.

“साचत नाही. तयारच कमी होतं.”

“आन तीन महिन्यानं लग्न हाय माह्या पोरीचं.”

“तोपर्यंत डाग थांबतीलच, अशी खात्री मी देणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. खोट्या धीरापेक्षा हे बरं वाटलं आणि प्रेमिलानं संमतीच्या कागदावर सही केली. साधन बसलं.

पुढचे तीन महिने ती जिवाच्या धास्तीनंच वावरली. पूर पुष्कळ ओसरला, गाठी थांबल्या, ती काटोलला उतरून स्वतः एंट्री करू लागली. पण डाग काही पाठ सोडेनात. चार दिवस कोरडे जायचे, पाचव्या दिवशी अवचित लाल ठिपका दिसायचा. तो दिसला की वाटायचं, मायचंही असंच सुरू झालं असेल. लग्नाला आठवडा राहिला तरी “मागून पाह्य वं” सुटलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी ऊन पंचेचाळीसच्या वर. हॉलमधले कूलर संघपालनं स्वतः तपासलेले, तरी माणसं घामानं निथळत होती. अशात या गृहस्थानं हातावर जाड निळी शाल टाकलेली.

“उन्हाळ्यात शाल कायले आनली जी? लोक हसून राहिले,” ती करवादली.

“राहू दे,” तो म्हणाला.

तिनं पांढरी साडी नेसली होती. सकाळी कोरडं होतं, दहा वाजता भावनानं बघून दिलं होतं. पण आता भावना स्टेजवर पाठमोरी बसली होती, पांढऱ्या शालूत, आणि तिला हाक मारता येत नव्हती. आजपासून पुढेही येणार नव्हती. तेवढ्यात बौद्धाचार्यांनी माइकवरून सांगितलं, “दोन्हीकडच्या मातांनी पुढं येऊन मेणबत्ती प्रज्वलित करावी.”

सगळ्या हॉलकडे पाठ करून, बुद्धमूर्तीपुढे वाकायचं. चारशे माणसं मागे. विहीणबाई निघाल्याही. प्रेमिला उठली आणि त्याच क्षणी तिला काहीतरी ओलसर जाणवलं. तो घाम होता की दुसरं काही, तिला कळेना. ती चालू लागली. मायच्या नशिबी जे आलं नाही तिथवर मी पोचली, आता इथं लाज नको जायला, एवढंच ती मनात म्हणत होती.

मूर्तीपुढे ती थांबली आणि तिला मागे पावलं वाजलेली ऐकू आली. संघपाल होता. बोलावलं होतं फक्त आयांना. पण हा निळी शाल हातावर घेऊन अगदी तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला. पुढच्या रांगेतलं कोणीतरी हसलं.

“काई नाई,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “मी पाहिलं. तू लाव.”

रोज सकाळचा तो उंच धरलेला पेपर तिला आठवला.

तो खरं बोलत होता की तिला धीर यावा म्हणून, हे मागे वळून पाहिलं असतं तर लगेच कळलं असतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं वळून पाहिलं नाही. ती वाकली. पहिली काडी विझली, दुसरीनं मेणबत्ती पेटली. मग वंदना सुरू झाली, आणि सगळी वंदना संपेपर्यंत संघपाल शाल घेऊन तिच्या मागे उभा होता.