रिकाम्या कोयत्या

"सही करा नांगिलाबाई, लोक उन्हात ताटकळलेत," डॉक्टर खाएम्बांनी पेन टेबलावर आपटलं.

"ताटकळू देत. खोट्या कागदापेक्षा ऊन परवडलं."

"खोटा? चारशे कवचं मोजली, त्यात एकशे नव्वद कोयत्या. कोयती निघाली की पाणी स्वच्छ, हे मला तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवलं होतं, माझं दुर्दैव. गावच्या मुखियाच्या कचेरीतल्या त्या कोंदट खोलीत हा पोरगेला साहेब माझंच मला ऐकवत होता. बाहेर उन्हात ओढ्याकाठची वस्ती जमली होती आणि कातडी कमावण्याच्या कारखान्याचा मॅनेजर एकटाच आंब्याखाली खुर्चीवर बसून चहा पीत होता. ओढा स्वच्छ आहे असं आमच्या पाणी तपासणाऱ्या खात्यानं लिहून दिलं की त्याचा परवाना आणखी पाच वर्षं पक्का.

अठ्ठावीस वर्षं मी दगड खरवडते आहे. ओढ्यातल्या दगडावर जो तपकिरी, बुळबुळीत थर असतो, त्यात डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं राहतात. एकेक पेशी, प्रत्येकीला काचेचं कवच. युनोशियाला आम्ही कोयती म्हणतो, कारण ती एका अंगाला वाकलेली असते. ती एल्गन डोंगराच्या उतारावरच्या दलदलीत, मऊ, आंबूस पाण्यात राहते. निट्झशिया म्हणजे आमची सुई. बारीक, दोन्ही टोकं निमुळती, एका कडेला ठिपक्यांची रांग. तिला गटार आवडतं. आकार पाहून नाव सांगणं कोणालाही जमतं. ती तिथे राहते की नुसती येऊन पडली आहे, हे ओळखायला डोकं लागतं, आणि ते खाएम्बांनी परदेशातून येताना बहुतेक विमानतळावरच ठेवलं होतं.

"कारखान्याचं पाणी चुन्याचं आहे, डॉक्टर. त्यात कोयती जगेल कशी? वरच्या दलदलीतली मेलेली कवचं पावसात वाहून आली आणि दगडाला चिकटली. तुम्ही ओला नमुना बघितला नाहीत. थेट ॲसिडमध्ये उकळलात. आतलं सगळं जळून गेलं. आता जिवंत कोण होती नि मेलेली कोण, ती काच थोडीच सांगणार?"

खाएम्बा खुर्चीत मागे रेलले.

"आणि गेल्या वर्षीचा कागद? ओढा हाच, कोयत्या ह्याच, सही तुमची. तेव्हा ओला नमुना बघितला होतात?"

मी पेन त्यांच्याकडे परत सरकवलं.

"बोला ना! आता तोंड का शिवलं? हा कागद खोटा म्हणालात तर तोही खोटा ठरेल. मग नोकरी गेली समजा. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, बाई. मुकाट्यानं सही करा."

ओला नमुना मी बघितला नव्हता. नाताळची सुट्टी तोंडावर होती, बाटल्या साठल्या होत्या, मी कंटाळा केला आणि सगळ्या एकदमच उकळल्या. नंतर मला शंका आली होती, तीही मी गिळली. त्याची लाज मला वर्षभर वाटत होती, पण लाज वाटून कोणाचं पाणी स्वच्छ होत नाही.

मी सूक्ष्मदर्शक उचलला, पिशवीतून दगड घासायचा नवा टूथब्रश काढला आणि बाहेर पडले.

"अहो, कुठे निघालात?" खाएम्बा मागून ओरडले.

वस्तीतल्या बायकांनी मला वाट दिली, ती आदरानं नव्हे. एक माझ्या पायाशी थुंकली. माझ्या भावाची बायको नालियाका सगळ्यांत पुढे रिकामा कॅन घेऊन उभी होती. तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर फोड उठले होते.

"आल्या कचेरीवाल्या बाई," ती म्हणाली. पूर्वी ती मला वन्सं म्हणायची.

आंब्यापलीकडेच ओढा होता. मी कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळीखालचा दगड काढला, घासला, थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे फिरवला. सुयाच सुया होत्या. पोटात सोनेरी तपकिरी रंग भरलेल्या, मागेपुढे सरकणाऱ्या. मधूनमधून कोयत्या दिसत होत्या, आरपार रिकाम्या. अर्धा तास मी बघत राहिले. एकही भरलेली कोयती सापडली नाही.

मी ते मोठ्यानं सांगितलं. मॅनेजरनं कप खाली ठेवला.

"ही बाई वर्षाला शब्द फिरवते!" तो खेकसला. "हिनंच लिहून दिलंय पाणी स्वच्छ आहे म्हणून. विचारा तिला!"

"दिलं होतं," मी म्हणाले. "ते चुकीचं होतं. सुट्टीच्या घाईत मी ओला नमुना बघितला नव्हता. हाही कागद चुकीचा आहे, आणि मी त्यावर सही करणार नाही."

एवढा गलका झाला की खाएम्बा काय ओरडत होते ते ऐकूच आलं नाही. कोणीतरी मातीचं ढेकूळ फेकलं, ते माझ्या खांद्यावर बसलं. नालियाकानं हात वर केला तेव्हा कुठे लोक थांबले.

"म्हणजे वर्षभर आम्ही हे पाणी तुझ्या सहीवर प्यायलो," ती म्हणाली.

"हो."

"घाई होती तुला."

"हो, वहिनी."

"वहिनी म्हणू नकोस. दाखव काय आहे ते."

ती वाकली. तिला डोळा लावता येईना, मी सांगायला पुढे झाले तर तिनं कोपरानं मला बाजूला सारलं. बराच वेळ ती बघत होती.

"हे हलतंय ते?"

"ती सुई. घाणीतली."

"आणि ही वाकडी, रिकामी?"

"ती इथली नाही."

"लिही आता. सगळ्यांसमोर. गेल्या वर्षीचंही लिही. आणि मला वाचून दाखव."

मी दगडावर कागद ठेवून लिहिलं, सही केली आणि वाचून दाखवलं. ती उभ्यानंच ऐकत राहिली. कागद मी तिच्या हातात दिला. तिनं घडी करून तो पोलक्यात खोचला, कॅन उचलला आणि टेकडीवरच्या झऱ्याची वाट धरली. ती वाट तासाभराची आहे आणि ती लंगडत होती.

मी मागोमाग गेले आणि कॅनच्या कडीला हात घातला.

"सोड," ती म्हणाली.

मी सोडला.