बोटाने जाणारा बोल्ट

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी मला बजावलं होतं : महिनाभर वेल्डिंगच्या उजेडाकडे बघायचं नाही, वाकायचं नाही आणि रागवायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या. तिसरी माझ्या भावाच्या घरात राहून पाळता येते का, ते त्यांनी स्वतः चार दिवस राहून बघावं.

आमचं वर्कशॉप घराला लागूनच आहे. इंजिनं दादाची आणि चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, माझी, अशी वाटणी वडिलांनीच करून दिली होती. दादा मेलेल्या इंजिनालाही बोलतं करतो, पण लोखंड सरळ कापायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. त्याची मुलगी चिमणी क्वाडच्या शर्यतीत उतरते. क्वाड म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल, पण खाली चार जाड चाकं. मातीच्या उंचवट्यावरून ती हवेत उडवायची आणि जमलं तर चाकांवरच उतरायचं. या हंगामात वळणावर चिमणी सगळ्यांना मागे टाकायची आणि सरळ रस्त्यावर सगळे चिमणीला. म्हणून बापलेकींनी मोडीत निघालेल्या एका गाडीचं चांगलं मोठं इंजिन आणलं.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नाकापेक्षा मोती जड होतोय. बसवता येईल, पण त्यासाठी चासीची पुढची आडवी नळी कापून पुढे सरकवावी लागेल, आणि ते काम माझा डोळा बरा झाल्यावर मीच करीन. तोवर कोणी हात लावायचा नाही. दोघांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

शुक्रवारी सकाळी काळा चष्मा लावून मी वर्कशॉपमध्ये गेले, तर क्वाड स्टँडवर तयार. नवं इंजिन आत, आणि चासीला कोरा काळा रंग. इतकी वर्षं त्या चासीला चिखलाशिवाय दुसरा रंग कोणी लावला नव्हता. मी पुढच्या नळीवरून बोट फिरवलं. रंगाखाली वेल्डिंगचा जोड लागला, शेळीच्या लेंड्या ओळीने चिकटवल्यासारखा.

वडिलांचा एक नियम होता. इंजिन धरून ठेवणारा लांब बोल्ट बोटाने गेला पाहिजे आणि बोटाने निघाला पाहिजे. हातोडी लागली तर समजायचं, चासी वाकडी आहे आणि बोल्ट तिला जबरदस्तीने धरून बसलाय. या बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे ताजे व्रण होते. मी दादाला हाक मारली.

"हा बोल्ट काढ."

"आता कशाला? बसलंय ना सगळं व्यवस्थित."

"बोटाने काढ."

त्याने नट सोडवला आणि अंगठा लाल होईपर्यंत बोल्ट ढकलला. बोल्ट जागचा हलला नाही. "जरा घट्ट आहे," तो म्हणाला.

हातोडी उचलायची नाही असं काही डॉक्टर म्हणाले नव्हते. मी बोल्टावर गज टेकवला आणि ठोकायला सुरुवात केली. बोल्ट सुटला तसा सगळा सांगाडा टण्ण करून हलला. मघाशी चासीचं भोक आणि इंजिनाचं भोक एकावर एक होतं. आता आरपार बघितलं तर चंद्राची कोर तेवढी दिसत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाचता येईना अंगण वाकडं असं लोक नुसतं म्हणतात रे. तू ते खरंच वाकडं करून दाखवलंस. नळी कापायच्या आधी एक लोखंडी अँगल आडवा मारून सांगाडा बांधून घ्यायचा असतो, हे वडिलांनी तुला शिकवलं नव्हतं? तसं न करता कापलीस, टोकं फाकली, मग ओढून ताणून चिकटवलीस. हा जोड दिसायला जोड आहे, आत तो जीव मुठीत धरून बसलाय. पहिल्या मोठ्या उडीला उकलेल आणि पोरगी हँडलवरून तोंडावर जाईल. परवा शर्यत आहे. तुझीच पोरगी आहे ना ती?"

दादा खाली बघत होता. तो गप्प बसला की मला आणखी चेव येतो, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे, तरी तो गप्पच बसतो. मी त्याच्या अकलेपासून सुरुवात करून त्याच्या लग्नापर्यंत पोचले होते, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मी कापलं." चिमणी हातातलं हेल्मेट छातीशी धरून उभी होती. "बाबा बाहेर गेले होते. आधी बांधून घ्यायचं असतं ते मला माहीत नव्हतं. टोकं जुळेनात, म्हणून पट्टा लावून ओढली."

मी दादाकडे वळले. "आणि तू आल्यावर बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"रंग दिला."

मग दादा एकदम बोलायला लागला. "म्हटलं, एवढी शर्यत होऊन जाऊ दे. तिला सांगितलं होतं, उड्या जपून मार. तुला कळलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. पोरीला वर्षभर ऐकवलं असतंस."

"म्हणजे पोरीच्या मानेपेक्षा तुला माझ्या तोंडाची भीती जास्त?"

मला वाटलं, तो नाही म्हणेल. निदान चिडेल.

"हो," दादा म्हणाला.

राग गेला नाही. उलट वाढला, पण कोणावर काढायचा ते कळेना. आजवर मला वाटत होतं, माझ्या धाकाने या वर्कशॉपमध्ये चुका होत नाहीत. चुका होतच होत्या. फक्त रंग लावून माझ्यासमोर येत होत्या.

"शर्यत गेली," मी चिमणीला म्हणाले.

"ठाऊक आहे." तिचे डोळे भरले होते, पण आवाज माझ्याइतकाच तापलेला होता. "मी तुला विचारायला आले होते, आत्या. दोनदा. तू पडून होतीस. मी तोंड उघडायच्या आत ओरडलीस, चासीचं नाव काढू नकोस म्हणून."

ओरडले होते. मला चांगलं आठवत होतं.

"मी काही मदत करू?" दादाने विचारलं.

"तू बाहेर बस," मी म्हणाले. त्याच्याशी मी अजून धड बोललेले नाही. त्याने जाणूनबुजून रंग दिला, हे मला कधी पचेल असं वाटत नाही.

चिमणीने इंजिन उतरवलं. मी सांगत गेले, ती करत गेली. आधी अँगल आडवा, दोन्ही टोकांना वेल्डिंगचे टाके, तेवढ्यापुरती मी पाठ फिरवली, मग कापायचा ग्राइंडर. जुना जोड कापला तसा आतला ताण सुटला आणि बांधलेला अँगलसुद्धा कुरकुरला. तिने तो आवाज ऐकला आणि हातातला ग्राइंडर बंद करून जरा वेळ नुसती बसून राहिली. मग तिने टोकं घासली, नवा तुकडा मापाने कापला, बसवला. तो जागेवर अलगद बसला.

वेल्डिंग तिलाच करायचं होतं, आणि मला बघायचं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून, चष्म्याआड डोळे मिटून उभी राहिले. चांगल्या वेल्डिंगचा आवाज कढईत तळण चालू असल्यासारखा येतो, एकसारखा. तो येत होता. मग तडतडला आणि तुटला.

माझं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं, आणि फार झणझणीत होतं.

"आत्या," मागून चिमणी म्हणाली, "चुकलं. नळीला भोक पडलं."

ते वाक्य गिळायला मला वेळ लागला.

"घासून काढ," मी म्हणाले, "आणि परत मार."