चेरीच्या रानातली लांब दांड्याची करवत

मी एक जुनी करवत आहे. पण साधीसुधी समजू नका हं. माझा दांडा इतका लांब, की जमिनीवर पाय रोवून उंचावरच्या फांद्या कापता याव्यात.

मित्रांनो, कारखान्यातून निघाले ती थेट स्लोव्हेनियातल्या लुडविक आजोबांकडे आले. डोंगरउतारावर त्यांचं स्वतःचं छोटं जंगल होतं, रानचेरीचं. एकदा वनखात्याच्या रेनाताबाई आल्या आणि सरळसोट झाडं निवडून त्यांनी पांढरे पट्टे ओढले.

"आजोबा, एवढ्यांचीच निगा राखा. शेजारची दांडगट झाडं काढा आणि खालच्या फांद्या अंगठ्याएवढ्या आहेत तोवरच कापा. मग लाकडात गाठी राहणार नाहीत. सोन्याच्या भावानं जाईल."

"कधी?"

"नातवंडांच्या वेळी."

"म्हणजे मेल्यावर श्रीमंत होणार मी. बरंय, उधळपट्टी तरी व्हायची नाही."

काय सुखाचे हिवाळे होते ते! आजोबा मला "राणी" म्हणत, संध्याकाळी दातांना तेल लावत. पण निम्मी झाडं छाटून व्हायची होती आणि आजोबाच गेले.

जंगल त्यांच्या मुलांच्या, झोफ्का आणि अल्बिन या भावंडांच्या नावावर झालं. एकाचा नकार असला की दुसऱ्याला फांदीही तोडता येत नसे. झोफ्का दर हिवाळ्यात भावाच्या दारी जाई.

"अल्बिन, फांद्या जाड व्हायला लागल्यात रे."

"घर तुला मिळालं ना, ताई? आता झाडांना न्हाऊमाखूही मीच घालू?"

मी गोठ्यात टांगलेली. गंज चढला. कोंबड्या माझ्या दांड्यावर झोपू लागल्या.

अखेर एका हिवाळ्यात अल्बिन आपणहून आला. केस पांढरे झाले होते. "चल ताई, करू या," म्हणाला. रेनाताबाईंना बोलावून दोघं मला घेऊन रानात गेली. फांद्या मनगटाएवढ्या झालेल्या. पहिल्याच फांदीत माझे दोन दात तुटले.

रेनाताबाईंनी अल्बिनचा हात धरला. "थांबा. आता कापलं तर जखम भरणार नाही, आतून कुजेल. ठेवलं तर गाठ राहील."

"मग?"

"चांगल्या फळ्या विसरा. बहुतेक जळणच."

"बाई, मला वाटलं होतं, झाडं काय, उभीच आहेत, कुठे पळून जातात."

 झोफ्का एकटीच उतार उतरून गेली. तो मला धरून उभाच राहिला.

मित्रांनो, रुसायचं तर खुशाल रुसा. पण आधी झाडाचं काम उरका आणि मग रुसा. तुमचा राग निवेपर्यंत झाड वाढायचं थांबत नाही.